टपावरचं वजन

"आधी सगळं खाली काढा," लायल म्हणाला. "टपावर काय काय चढवणार ते इथे जमिनीवर मांडा. मग कॅरियरचं बोलू."

ॲडलेडहून आलेल्या त्या नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. गाडी कोरी करकरीत होती, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. त्यांना दक्षिण आफ्रिकेहून आलेला आमच्याकडचा सगळ्यांत लांब कॅरियर हवा होता. त्यावर दोन जादा टायर, पाण्याचे कॅन, डिझेलचे कॅन आणि तंबू.

"अहो, आम्ही कॅरियर घ्यायला आलोय, झडती द्यायला नाही," नवरा म्हणाला.

"खरंय. पण वजन कळल्याशिवाय मी देत नाही."

"मग दुसरं दुकान बघतो आम्ही."

"बघा. तिथं घेतलात तरी टायर आतच ठेवा."

ते निघून गेले. काचेच्या मागे माझ्या टेबलाशी बसून मी हे सगळं ऐकत होते. त्या आठवड्यात लायलनं परत पाठवलेलं हे तिसरं गिऱ्हाईक. वाळवंटाकडे जाणारी प्रत्येक गाडी आमच्या पोर्ट ऑगस्टा गावातून जाते, आणि थंडीचे तीन महिने हाच आमचा हंगाम. दुकान माझ्या वडिलांचं, क्लेमचं. चार वर्षांपूर्वी ते गेले, मी पर्थची नोकरी सोडून आले, आणि दुकानाबरोबर लायल नोस्केही माझ्या वाट्याला आला.

त्रेसष्ट वर्षांचा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. लग्न केलं नव्हतं. खाडीजवळच्या घरात बहिणीबरोबर राहायचा आणि टोमॅटो लावायचा. दुपारी थंड मटणाचं सँडविच उभ्या उभ्याच खायचा, म्हणजे कुणी आलं तर उठावं लागायला नको. त्याच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच आहे असं मला चार वर्षं वाटत होतं. त्या दिवशी मी ठरवलं होतं, जेवणानंतर त्याला आत बोलवायचं आणि सांगायचं, लायल, पुष्कळ झालं, आता घरी बस.

तेवढ्यात दारातून एक म्हातारी आत आली. सत्तरीची असेल. पुरुषी शर्ट, हातात चुरगळलेली टोपी. बाहेर तिची जुनी, चौकोनी डिझेल गाडी उभी होती आणि मागे ट्रेलर.

"टपावरचा कॅरियर हवाय," ती म्हणाली. "लोखंडी. आफ्रिकेचा-बिफ्रिकेचा नको. मजबूत पाहिजे."

"कुठं निघालात?"

"सिम्पसनच्या वाळवंटात. आमच्या कडीना गावचे दोघं आपापल्या गाड्या घेऊन बरोबर आहेत. एकटी नाही जात, घाबरू नका."

"वर काय न्यायचंय?"

"बाक."

लायलला नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हणालात?"

"बाक. बसायचा. माझ्या नवऱ्यानं केलाय. चौऱ्याण्णव किलो भरतो, गव्हाच्या काट्यावर घातलाय मी."

लायलनं पेन्सिल कानावरून काढली. "तो वर जाणार नाही, बाई."

"दोरानं आवळून बांधू की."

"बांधायचा प्रश्न नाही. वाळूच्या टेकाडावरून गाडी तिरकी उतरते ना, तेव्हा टपावरचं वजन तिला खालच्या अंगाला ओढतं. एकदा ओढलं की स्टिअरिंग धरून काही उपयोग नसतो."

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझा मुलगा तसाच गेला."

दुकानात आम्ही तिघंच होतो. मागच्या शेडमध्ये आमचा फिटर डीन ड्रिल चालवत होता.

"कॅरियर इथलाच होता," ती पुढं म्हणाली. आवाज चढला नव्हता. "उलटलेल्या गाडीचा फोटो होता ना पोलिसांचा, त्यात तुमच्या दुकानाचा स्टिकर दिसत होता. टेड, माझा नवरा, होता तोवर त्यानं मला इकडं फिरकू दिलं नाही. म्हणायचा, जाऊन काय मिळणारे? आता टेडही गेला. पोरगा गेला तिथं बाक ठेवायला मी निघालेच आहे, तर म्हटलं कॅरियरही इथूनच घ्यावा. बघावं तरी कुठलं दुकान ते."

"नाव?" लायलनं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की नाव त्याला माहीत आहे.

"किम. किम ट्रेझीस. मी मर्ल. नऊ वर्षं झाली."

लायलनं पेन्सिल काउंटरवर ठेवली. ती घरंगळत जाऊन खाली पडली, तरी त्यानं उचलली नाही.

"तो कॅरियर मी बसवला होता," तो म्हणाला.

मी ताडकन उठले. खरं ते सांगते, माझ्या मनात आधी तिचा मुलगा आला नाही, वकील आला. मी बाहेर येऊन म्हटलं, "लायल, जरा आत ये."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"त्याचं सामान मी पाहिलं होतं. दोनशेच्या वर जात होतं वजन. डोळ्यांना दिसत होतं, काट्याची गरज नव्हती. तरी मी बोल्ट आवळले."

"त्याला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. एकदा. मग पाना खाली ठेवायला हवा होता. नाही ठेवला."

मर्लनं टोपी काउंटरवर ठेवली आणि शेजारच्या स्टुलावर बसली. ती ओरडेल, निघून जाईल असं मला वाटत होतं. ती नुसतीच त्याच्या हातांकडे बघत राहिली.

मी मागच्या खोलीत गेले. जुन्या कामांचे कागद वडिलांनी वर्षावार खोक्यांत भरून ठेवले होते. आमची सुटका करणारं काहीतरी सापडावं, एवढ्याचसाठी मी नऊ वर्षांपूर्वीचं खोकं उघडलं. कागद सापडला. वर लायलचं बारीक, उभं अक्षर: 'टपाची मर्यादा सांगितली. वाळूत साठ किलो. सामान फार आहे. बसवू नये असं माझं मत.' त्याखाली निळ्या शाईत, घाईघाईनं: 'रांग लागली आहे. बसवून टाक. क्लेम.'

वडिलांचं अक्षर मी शाळेच्या डब्यावर पाहिलंय, वाढदिवसाच्या कार्डांवर पाहिलंय. कागद परत खोक्यात टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. लायल बोलला नसता. नऊ वर्षं बोलला नव्हता.

बाहेर आले तेव्हा मर्ल विचारत होती, "त्या दिवशी तो काय बोलला?"

"पुष्कळ," लायल म्हणाला. "मटण भरलेला पॅटिस खात होता. इथंच, तुम्ही बसलात तिथं. सॉस सांडला काउंटरवर, तो बाहीनं पुसला."

"बाहीनं! दुसरं काय करणार!"

"म्हणाला, आईला किंमत कळू देऊ नका. ती म्हणेल, एवढ्या पैशांत मेंढ्यांच्या शेडचं छप्पर झालं असतं."

"झालंच असतं," मर्ल म्हणाली, आणि तिला हसू आलं. हसता हसता तिनं तोंडावर हात ठेवला. जरा वेळानं हात काढून म्हणाली, "आणखी?"

"मी वर काम करत होतो तेव्हा खाली शिटी वाजवत होता. सुरात नव्हती."

"सूर कधीच नव्हता त्याला. चर्चमध्ये मी कोपर मारायची, गप्प बस म्हणून. आणखी?"

"डाव्या बुटाची नाडी हिरवी होती, उजव्या बुटाची तपकिरी."

"हिरवी माझ्या विणकामाच्या पिशवीतली." ती थोडी पुढं सरकली. "आणखी सांगा."

लायल सांगत गेला. त्या एका सकाळचं त्याच्याजवळ इतकं काही होतं की मी थक्क झाले. किमनं कुत्र्याला हाक कशी मारली, नकाशा उलटा कसा धरला, गाडीत बसताना डोकं कसं आपटून घेतलं आणि स्वतःलाच शिवी कशी दिली. जो माणूस माझ्याशी चार वर्षांत हवामानापलीकडे फारसं बोलला नव्हता, तो आता एकही तपशील न चुकवता बोलत होता. मर्ल मधे मधे फक्त मान हलवत होती.

तो थांबला तेव्हा मी कागद तिच्यासमोर ठेवला.

"खालचं अक्षर माझ्या वडिलांचं आहे," मी म्हटलं.

"ब्रॉन, काय गरज होती याची?" लायल म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "मेलेल्या माणसाला कशाला मधे आणतेस? पाना माझ्या हातात होता."

मर्लनं खिशातून चष्मा काढून कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"त्यांना कळलं होतं? नंतर?" तिनं मला विचारलं.

"मला माहीत नाही. मी तेव्हा इथं नव्हते."

"कळलं होतं," लायल म्हणाला. "बातमी आली त्या दिवशी तो शेडमध्ये आला आणि उलट्या बादलीवर बसून राहिला. मी म्हटलं, मी आता कॅरियर बसवणार नाही. तो म्हणाला, मग काउंटरवर बस. त्यानंतर मी किती गिऱ्हाइकं घालवली, पण क्लेम कधी एका शब्दानं बोलला नाही मला."

मी मान खाली घातली. जेवणानंतर त्याला जे सांगणार होते ते शब्द माझ्या तोंडात तयार होते.

"मीही म्हटलं होतं किमला, दोन टायर कशाला, एक पुरे," मर्ल म्हणाली. "ऐकतोय कुणाचं!" तिनं चष्मा काढला. "पण तुम्ही तो बसवायला नको होता."

"नको होता," लायल म्हणाला.

तिनं कागदाची घडी घातली. माझ्याकडे पाहून विचारलं, "हा मी ठेवू?"

"ठेवा."

घडी शर्टाच्या खिशात ठेवून ती उठली. "बरं, आता बाकाचं काय करायचं ते सांगा."

लायल टेप घेऊन तिच्या गाडीशी गेला. टपाची लांबी-रुंदी घेतली, कडेच्या पन्हळीवर बोटं फिरवून कुठं गंज आहे का ते पाहिलं. परत येऊन त्यानं भिंतीवरचा आफ्रिकेचा कॅरियर काढला आणि एक टोक तिच्याकडे केलं. "धरा."

"अगंबाई! हलका आहे हा."

"सत्तावीस किलो. तो लोखंडी बावन्नचा. तुमच्या गाडीला वाळूत साठ धरायचे, कॅरियर धरून. लोखंडी घेतलात तर वर आठ किलो उरतात. एक सुटकेस."

"आणि तो काळा? दिसतोय छान."

"तो अमेरिकेहून येतो. नव्या गाड्यांना ठीक आहे, तुमच्या पन्हळीला त्याची पकड बसत नाही. याला सहा पाय आहेत, वजन सगळीकडं सारखं पडतं."

"हा मोडणार नाही ना वाटेत?"

"मोडायचा असता तर मी तुम्हाला दिला नसता. वर अंथरूण, खुर्च्या, फावडं. तेहतीसच्या आत. बाक आत जाईल, मागची सीट काढून, दोन चाकांच्या मधे. जड ते जमिनीजवळ ठेवायचं."

"मी उलटं ठरवलं होतं. अंथरूण आत, बाक वर."

"सगळेच तसं ठरवतात," तो म्हणाला.

ट्रेलरवरची ताडपत्री काढली. जुन्या नांगराच्या लोखंडाचे पाय, वर लाल निलगिरीच्या लाकडाची फळी. कडा इतक्या घासलेल्या की हात कुठंच अडत नव्हता. टेडनं तो करायला दोन हिवाळे घेतले, मर्ल म्हणाली, आणि शेवटचं तेल तिनं लावलं. आम्ही तिघांनी आणि डीननं मिळून तो उचलला. लायलनं गाडीच्या तळावर शेडमधली सतरंजी अंथरली, बाक आडवा ठेवला, चारही बाजूंनी पट्टे आवळले आणि हलवून पाहिला. हलला नाही.

डीननं शिडी आणली आणि कॅरियरकडे हात घातला.

"राहू दे, डीन," लायल म्हणाला. "पाना दे इकडं."

डीननं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं.

नऊ वर्षांत हात विसरले नव्हते, पण गुडघे विसरले होते. एकेक पायरीवर थांबत तो वर चढला. सहा पाय पन्हळीत बसवले, एकेक बोल्ट हातानं फिरवला, मग पान्यानं. सगळे झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. ऊन डोक्यावर आलं होतं. दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली होती, त्यांना मी सांगितलं, वेळ लागेल, बसा.

मर्ल केव्हा शिडीपाशी गेली ते मी पाहिलं नाही. जमीन सिमेंटची होती, शिडी काही हलत नव्हती, तरी तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती. टोपी आतच राहिली होती, ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर येत होतं.

"सोडा आता, बाई," लायल वरून म्हणाला. "झालंच माझं."

"उतरा आधी," ती म्हणाली.

तो एकेक पायरी उतरू लागला. त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत तिनं हात काढले नाहीत.