सातवं कापड

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो. जुनी म्हटलेलं चालेल, मोडकी म्हटलेलं खपवून घेणार नाही. एका गवंड्याने विटेला वीट घासून मला उभी केली आणि जाताना पाठीवर थाप मारून म्हणाला, ही चार पिढ्यांना पुरून उरेल. आधी मी बरण्या भाजल्या, मग कौलं. पुढे काम थांबलं, तेव्हा लोकांनी माझ्या पोटात तुटक्या खुर्च्या कोंबल्या. तोही अपमान गिळला.

मग ही मुलगी आली. मातीकाम करणारी कलाकार. डोक्यात पांढरे केस आहेत, तरी मी मुलगीच म्हणते. तिने खुर्च्या फेकल्या आणि मला स्वतःच्या हाताने झाडलं. तिला वेड होतं आफ्रिकेतल्या जुन्या विणकामाचं. तिकडे वीतभर रुंदीच्या पट्ट्या विणतात आणि एकीला एक शिवून मोठं पांघरूण करतात. तसं कापड मातीत उभं करायचा हिचा हट्ट. पांढऱ्या चादरी फाडून ती पट्ट्या शिवायची, पातळ कालवलेल्या मातीत बुडवायची आणि साच्यावर पसरायची. माझ्या आत कापड जळून जायचं, मातीत त्याची वीण राहायची.

नमुन्याला एक खरं कापड होतं, निळीत रंगवलेलं. तिकडच्या एका म्हाताऱ्या विणकरणीने विणलेलं, शिवणीच्या टोकाला तिच्या खुणेच्या दोन गाठी. म्हातारी गेली आणि तिच्या हातचं तेवढं एकच उरलं. तिच्या नातीने ते महिन्याभरासाठी विश्वासाने दिलं होतं. मुलीच्या मातीच्या कापडांचं प्रदर्शन भरणार होतं, त्याच्या आदल्या दिवशी नात ते न्यायला येणार होती.

घरात मुलीची आत्या. जिभेची गोड, नजरेची अधू, आणि हाताला घटकाभर चैन नाही. साचे सात, कापडं सहाच झालेली. सातवं शिवताना फाटलं होतं. मुलगी प्रदर्शनाची जागा बघायला गेली आणि आत्याला रिकामा साचा दिसला. टेबलावर एक घडी होती. तिने उचलली, बुडवली, पसरली. मातीत निळं काय नि पांढरं काय, सगळं करडंच. वर टेबल लख्ख आवरून ठेवलं.

परत आल्यावर मुलगी खूश. फाटलेलंच आत्याने सांधलं असेल, असं धरून चालली. टेबल रिकामं दिसलं, तर घडी कपाटात गेली असेल म्हणाली. कपाट उघडून बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला पेटवलं. सहा कापडं मुकाट जळली. सातव्यातून निळीचा वास सुटला, आणि कुठल्याशा परक्या चुलीच्या धुराचा. मी ओळखलं. पण माझं तोंड विटांनी चिणलेलं. धूर तेवढा सोडता येत होता, तो सोडला.

मुलीने नाक वर केलं. "आत्या, वास कसला येतोय गं?"

"जुन्या चादरी त्या. अत्तराचा येईल होय?"

मुलगी हसली आणि तिने आच वाढवली. आच मिळाली की भाजायचं, एवढाच माझा जन्म.

दोन दिवसांनी विटा निघाल्या. सातवं सगळ्यात सुंदर निघालं, हे मी मान खाली घालून सांगते. मुलीचं बोट एका शिवणीच्या टोकाशी थांबलं. तिथे दोन गाठी होत्या, म्हातारीच्या. ती कपाटाकडे गेलीच नाही, माझ्या उंबऱ्यावर बसली. मागून आत्या म्हणाली, "बघ, माझंच उठून दिसतंय."

नात आली त्या दिवशी मुलीने आत्याला बाजारात पाठवलं, मातीचं कापड नातीपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. नात गाठींवरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, "आजी गेल्यापासून मी हेच पांघरते. आता काय पांघरू?"

नात ते दोन्ही हातांवर तोलून घेऊन गेली. प्रदर्शनात सहाच मांडली, आणि लोकांनी त्या सहांची वाहवा केली.

मित्रांनो, जाळणारीने शहाणपण शिकवू नये, पण ऐका. दुसऱ्याची वस्तू घरात आली, तर ती कोणाची आणि किती मोलाची, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. अधू नजरेच्या माणसाला तर सगळ्यात आधी. आत्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

अजूनही सांगितलेलं नाही. येईल त्या पाहुण्याला ती माझ्यापुढे आणून उभं करते आणि म्हणते, सातवं माझ्या हातचं होतं, तेच कोणीतरी उचलून नेलं बघा. मुलगी मान डोलावते, आणि चहा टाकायला आत जाते.