सिग्नीच्या घराच्या जागी

आमच्या तळघरातलं पाणी उपसणारा पंप एकदाच खट् वाजला आणि गप्प झाला. सकाळपासून पाऊस होता. गेल्या वर्षी असल्या पावसात तो पंप दिवसभर धापा टाकायचा.

गल्लीतलं सगळ्यात सखल घर मारिटचं. ती आणि तिची लेक सिग्नी तिथे राहायच्या. "तुमच्या छपरांचं पाणी माझ्याकडेच मुक्कामाला येतं," ती म्हणायची. "आता त्यालाही कॉफी विचारते!"

छपरं आणि अंगणातलं काँक्रीट मोजून शहराची पालिका आमच्याकडून पावसाच्या पाण्याचा कर घेते. त्याच पैशातून मारिटचं घर विकत घेऊन पाडायचं आणि तिथे गल्लीचं पाणी साठवायला तळं खणायचं ठरलं. गल्लीची संमती मागितली. मारिटला जायचं नव्हतं. मी सही केली. तळघरात पाणी होतं माझ्या, आणि पोटात बाळ.

"पेन तरी नीट चाललं ना गं?" एवढंच मारिट म्हणाली.

आज बाळाला छातीशी बांधून, सहा वर्षांच्या लेकीला, विलाला, छत्रीत घेऊन मी तळ्याकाठी गेले. पाण्यावर थेंबांची वलयं हलकेच उमटत होती, विरत होती, जणू खाली अजून कुणी झोपलंय आणि पावसालाही त्याला जागं करायचं नाही.

"आई, सिग्नीचा पलंग इथेच होता ना?"

"हो, ते बदक आहे ना, तिथे."

विला छत्रीबाहेर वाकून बदकाकडे बघू लागली.

"आपलं घर सगळ्यात खाली असतं, तर सिग्नीच्या आईने सही केली असती?"