एका दगडाला एकच कुंडी

आमच्या चर्चच्या दफनभूमीत एका दगडाला एकच कुंडी, असा नियम आहे. मेच्या शेवटी मेमोरियल डेला सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं मांडतं, आणि ती कुंडी मग पहिला बर्फ पडेपर्यंत तिथंच राहते. दुसरी कुणी ठेवलीच, तर राखणदार ऑरिन ती उचलून शेडमागं टाकून देतो. ठेवायचा मान कुणाचा? दगडावर जिचं नाव तिचा.

व्हर्लिनच्या दगडावर त्याच्या दुसऱ्या बायकोचं, मार्सीनचं नाव आहे. त्याच्या शेजारी तिचंही आधीच कोरून ठेवलंय. जन्मसाल, पुढं आडवी रेघ, आणि त्यापुढं कोरी जागा. तेवढी भरायची राहिली आहे. मला काही घाई नाही.

मी आर्लिस, व्हर्लिनची पहिली बायको. एकतीस वर्षं संसार केला. घरामागं आमचं ग्रीनहाऊस होतं. फेब्रुवारीत, बाहेर कमरेएवढा बर्फ असताना, मी आत पेटुनियाचं बी पेरायची. धुळीसारखं बी, एक शिंक आली की वर्ष गेलं. मेपर्यंत फुलांच्या चारशे टोपल्या आढ्याला लटकलेल्या असायच्या, आणि मातृदिनाच्या आदल्या शनिवारी त्या घ्यायला आजूबाजूची दहा गावं दारात उभी. अशाच एका शनिवारी, एकोणीस वर्षांपूर्वी, व्हर्लिननं पाणी घालता घालता हातातला पाइप खाली टाकला आणि मार्सीनच्या गाडीत बसून निघून गेला. मार्सीन म्हणजे आमच्याकडं गल्ल्यावर बसणारी. मीच ठेवून घेतली होती, माझीच अक्कल!

नळ तसाच चालू. मी आत आले तेव्हा घोटाभर पाणी साचलं होतं, आणि गिऱ्हाईकं हातात टोपल्या धरून माझ्या तोंडाकडं बघत होती. तो नळ मी बंद केला. टोपल्याही खपवल्या, चारशेच्या चारशे. पण त्यानंतर एकोणीस वर्षं त्याच गावात राहून त्या माणसानं एकदाही ‘चुकलं’ म्हटलं नाही. दुकानात समोर आला तर टोपीला हात लावायचा. टोपीला! जसं काही मी पोस्टातली बाई.

गेल्या ऑक्टोबरात तो मेला. मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले, मग तळघरातल्या मयताच्या जेवणाला सगळ्यांबरोबर बटाट्याचं भाजलेलं हॉटडिश खाल्लं, कॉफी प्यायले आणि घरी आले. रडू आलं नाही. राग आला. आता तो एक शब्द मला कधीच मिळणार नव्हता.

मग मेमोरियल डे आला. मी माझ्या आईच्या कबरीशी बेगोनिया लावत होते, तिथून दोन रांगा सोडून व्हर्लिन. बघते तर मार्सीन कुंडी घेऊन आली. जांभळा पेटुनिया. अगं बाई! काळ्या कुंडीत, काळ्या दगडासमोर, दक्षिणेच्या उन्हात पेटुनिया? जुलैत त्याला रोजच्या रोज पाणी लागतं, एक दिवस चुकला की मान टाकतो. आणि ही बया दुसऱ्या दिवशी तळ्यावरच्या केबिनवर जाणार, ती थेट सप्टेंबरात उगवणार. एकोणीस वर्षं ग्रीनहाऊसवाल्याच्या घरात राहून हिला एवढंही कळू नये?

मला इतका आनंद झाला की मी बेगोनिया उलटाच लावला.

माझा बेत सरळ होता. काहीही करायचं नाही. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, बाहेरगावची सगळी पोरंबाळं घरी येतात, चर्च सुटल्यावर कबरींतून फिरतात. तेव्हा नव्या काळ्या दगडापुढं वाळलेला खराटा उभा असणार. माझा नवरा न्यायला जमला, पण एक कुंडी जगवायला जमली नाही. गावानं बघावं आणि तिचं नाक कापलं जावं, एवढंच मला पाहिजे होतं.

जूनच्या मध्यावर ऊन तापलं. मी थर्मासात कॉफी घेऊन आईजवळच्या बाकावर जाऊन बसले. मंगळवारी पानं लोंबली. फार बरं वाटलं. बुधवारी कडेच्या फांद्या जमिनीला टेकल्या. त्याहून बरं वाटलं. गुरुवारी फुलं चोळामोळा झाली आणि एक कळी, अजून न उमललेली, देठावरून तशीच वाकली. मी थर्मास खाली ठेवला. मी उठले कधी, आईच्या बेगोनियाचं पाणी त्या कुंडीत ओतलं कधी, मला कळलं नाही. हात माझे, पण माझं ऐकतील तर शपथ.

“आर्लिस,” मागून ऑरिन म्हणाला, “तुझी आई तिकडं आहे.”

“माझी आई कुठं पुरलीय ते मला ठाऊक आहे.”

“मग इथं कुणाला पाणी घालतेस?”

“पेटुनियाला. खालच्याला नाही.”

ऑरिन शाळेपासूनचा ओळखीचा. त्यानं डोकं खाजवलं. “मी नाही गं बोलणार कुणाला.”

“बोल की! तुझ्या तोंडाला काय कुलूप आहे? साऱ्या गावाला सांग.”

कारण तेवढ्यात मला त्याहून चांगला बेत सुचला होता. कुंडी वाळली तर लोक म्हणतील, बिचारी मार्सीन, दुःखात आहे. पण तीच कुंडी मी फुलवली तर? बायकोनं टाकलेलं झाड टाकलेल्या बायकोनं जगवलं. वाळलेल्या झाडाची बोलणी महिनाभर टिकतात, ही वीस वर्षं टिकली असती.

मग मी कंबर कसली. रोज सकाळी दुधाच्या रिकाम्या कॅनांतून पावसाचं साठवलेलं पाणी न्यायची. आमचं विहिरीचं पाणी जड, त्यानं पेटुनिया पिवळा पडतो. दर आठवड्याला खत. सुकलेलं फूल नुसतं ओढायचं नाही, खालच्या बोंडासकट खुडायचं, नाहीतर झाड बी धरायला लागतं आणि फुलायचं विसरतं. पानांचा चिकटा बोटांना बसतो, साबणानं जात नाही. रविवारी दानाचं ताट पुढं सरकवताना माझी बोटं ताटाला चिकटायची. मी लपवली नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात फांद्या लांबट, बोडक्या झाल्या, तशी कात्री घेऊन सगळं झाड निम्म्यावर छाटलं. झालं! वेदी पुसायला आलेल्या बायकांनी ते पाहिलं आणि गावभर बोंब: आर्लिसनं जळून व्हर्लिनची फुलं कापली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं माझी चुलतबहीण माझ्याच ओसरीत बसून, माझ्याच हातच्या लिंबाच्या वड्या खात म्हणाली.

“तीन आठवडे थांब,” मी म्हटलं, “आणि ती वडी खाली ठेव.”

तीन आठवड्यांनी कुंडी दिसेनाशी झाली. नुसता जांभळा ढीग. फांद्या दगडावर चढल्या, मार्सीनचं नाव झाकून गेलं. मी ते मुद्दाम केलं नव्हतं, पण बाजूलाही सारलं नाही. ऑगस्टमध्ये पास्टरबाईंनी फोटो काढून चर्चच्या पत्रकात छापला, खाली ओळ: ‘व्हर्लिनची फुलं, आर्लिसच्या हातची.’ पत्रक टपालानं सगळ्यांना जातं. तळ्यावरच्या केबिनलासुद्धा.

मी त्या दिवसापासून इस्त्रीचा ब्लाऊज घालून पाणी घालायला जायला लागले.

चौथ्या दिवशी मार्सीन आली. गाडीतून उतरली, दगडाशी आली, आणि फुलांकडं बघत उभी राहिली. वाळली होती बाई. बोलायचं वाक्य मी दोन महिने घोटून ठेवलं होतं. म्हटलं, “जे आयतं उचलून नेलंस, ते जगवायलाही शिकायचं होतंस.”

ती खाली मान घालेल असं मला वाटलं होतं. ती चिडली.

“पाणी घालायला अक्कल लागते का, आर्लिस? घालायचंच नव्हतं. त्यानंच सांगितलं होतं.”

“कुणी?”

“कुणी म्हणजे? दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. मी म्हटलं, दगडापुढं जिरॅनियम लावीन, मी तळ्यावर असते, ते पाण्यावाचून तग धरतं. तर म्हणाला, नको. पेटुनिया लाव, आणि पाणी घालू नकोस. आर्लिसला ते सुकताना बघवणार नाही. ती येईल.”

मी कॅन खाली ठेवला. खोटं कशाला बोलू, क्षणभर छातीत गोड वाटलं. मरताना त्याला माझे हात आठवले होते. एकोणीस वर्षांनी का होईना.

“अजून काय म्हणाला?” मी विचारलं. “चुकलं म्हणाला?”

“नाही.”

“माझ्यासाठी काही निरोप?”

“नाही गं. डोळे मिटून हसला नुसता. म्हणाला, बघच तू, तिला राहवायचंच नाही.”

हसला! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे पाइप टाकून गेला तेव्हाही त्याला हे ठाऊक होतं. नळ आर्लिस बंद करील. टोपल्या आर्लिस खपवील. एकोणीस वर्षं मी समजत होते की तो मला विसरून गेला. विसरला कुठला? माझ्या भरवशावर गेला होता! आणि मेल्यावरही मला राबवत होता, फुकटात, इस्त्रीचा ब्लाऊज घालून.

“मी दर सोमवारी ऑरिनला फोन करायची,” मार्सीन म्हणाली. “मेलं का विचारायला. तो म्हणायचा, नाही, झकास आहे. कोण पाणी घालतं ते काही सांगायचा नाही.”

“तुला ते मरायला हवं होतं?”

“हवंच होतं! त्याचं एकदा तरी खोटं ठरावं म्हणून. त्याच्या उशाशी मी बसले, त्याची भांडी मी उचलली. आणि वाट कुणाची, तर तुझी.” तिचा आवाज फाटला. “तू आली नसतीस तर काय बिघडलं असतं?”

हा प्रश्न बाकी तिचा बरोबर होता.

मी गुडघे टेकले. कुंडीच्या तोंडावर पंजा पसरून देठं बोटांत धरली, आणि ती उलटी करून कडेवर दोन धपाटे दिले. मुळांचा गड्डा अख्खा बाहेर आला.

“हे काय करतेस?”

“माझं घेऊन जातेय. बघत काय उभी राहिलीस? फांद्या धर, मोडतील.”

तिनं दोन्ही हातांनी फांद्या गोळा करून धरल्या, आणि आम्ही ते धूड माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवलं. मार्सीन हात पुसत म्हणाली, “चिकटतंय.”

“चिकटणारच. साबणानं जायचं नाही.”

परत दगडाशी आलो. रिकामी कुंडी आडवी पडली होती. आता मार्सीन जिरॅनियम आणील, किंवा कुंडी उचलून नेईल, असं मला वाटलं. तिनं ती उचलली. आतली माती झटकून टाकली, आणि दगडापुढं, बरोबर त्याच्या नावाखाली, तोंड वर करून नीट मांडली. एक पाऊल मागं येऊन बघितली, आणि अर्धा इंच डावीकडं सरकवली.

ती तिच्या गाडीत बसली, मी माझ्या.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव त्या दगडापुढं थबकून थबकून जात होतं. ऑरिननं मला गाठलं. “आर्लिस, ती रिकामी कुंडी काढू का? बरं दिसत नाही.”

“नियम काय आहे?”

“एका दगडाला एकच कुंडी.”

“मग आहे ना एक?”

तो दारातल्या मार्सीनकडं वळला. “मार्सीन, तूच सांग. दगड तुझा.”

मार्सीन पर्समधून गाडीची किल्ली काढत होती. “राहू दे,” ती म्हणाली. “पहिला बर्फ पडेपर्यंत.”

पेटुनिया आता माझ्या ओसरीत आहे, पायरीजवळ. रोज सकाळी मी त्याला पावसाच्या पिंपातलं पाणी घालते आणि नळ बंद करते.