पाचजणांची बाटली

“हिला धड उघडताही येत नाही आणि टाकूनही देता येत नाही,” माझ्या मानेवरची धूळ पुसताना सुचित्रा पुटपुटली. तिच्या मनात वाईट नव्हतं. पण नऊ वर्षं एकाच शोकेसमध्ये उभं राहिल्यावर इतक्या जवळून असं ऐकलं की लागतंच.

मित्रांनो, मी एक जुनी वाईनची बाटली आहे. माझ्या पोटात आहे ते तुमच्या वयाला चालणारं नाही, तेव्हा तुम्ही माझी फक्त गोष्ट घ्या.

माझा जन्म इटलीच्या किनाऱ्यावरचा. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. दगडी बांध घालून त्यावर पायऱ्यापायऱ्यांचे मळे केलेले आहेत. एका म्हाताऱ्या बाईंनी मला भरलं, बूच ठोकलं आणि थंड, अंधाऱ्या तळघरात बहिणींशेजारी आडवं निजवलं. तेवढंच माझं माहेरपण.

मग एका सप्टेंबरात एक भाड्याची गाडी डोंगर चढून आली. चालवत होता दिलीप. सिंगापूरहून आलेला, उजव्या बाजूने चालवायची सवय नाही, त्यामुळे प्रत्येक वळणाला सिग्नलऐवजी वायपर सुरू होत होते. शेजारी त्याची बायको सुचित्रा, मागे नऊ वर्षांची अश्लेषा आणि पुण्याहून खास आलेले दिलीपचे आईवडील. आजोबा दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायचे. आजी वळणं सोसत नाहीत म्हणून डोळे मिटून आवळासुपारी चघळायच्या.

मळ्याच्या बांधावर बसून सगळ्यांनी दशम्या खाल्ल्या. बाईंनाही एक दिली, वर लसणाची चटणी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी आणखी एक मागितली. मग त्यांनी सगळ्या मोठ्यांना घोटभर वाईन दिली. जन्मात असल्या गोष्टीला हात न लावलेल्या आजींनी ती संपवली आणि आमसुलाच्या पाण्यासारखी लागते, असा निकाल दिला. आजोबा बायकोकडे बघतच राहिले. मग त्यांनी मला विकत घेतलं.

बाईंनी गालाखाली तळहात ठेवून सांगितलं की हिला आडवी ठेवा. आजोबांना वाटलं, झोपताना प्यायची असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. भांड्यांवर नाव घालतात तसं आजोबांनी माझ्या लेबलवर बॉलपेनने तारीख घातली आणि खाली लिहिलं, ‘पुन्हा पाचजण एकत्र येऊ तेव्हा.’

सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये मला मानाची जागा मिळाली. आजोबांचं अक्षर दिसावं म्हणून शोकेसमध्ये उभी. दुपारी ऊन थेट अंगावर. पाहुणे कौतुक करायचे, मी आतल्या आत तापायची.

पुढच्या वर्षी दिलीपला रजा नव्हती. मग आजोबांचा गुडघा. मग अश्लेषाची पीएसएलई, तिथली सहावीची मोठी परीक्षा. मग एका सकाळी पुण्याहून फोन आला. त्यानंतर माझं लेबल कुणी मोठ्याने वाचलं नाही.

आता आजी एकट्याच वर्षातून एकदा महिनाभर येतात. दिलीप चांगी बिझनेस पार्कला, सुचित्रा ऑफिसला, अश्लेषा कॉलेजला. आम्ही दोघी घरी. आजी टीव्ही लावतात आणि आवाज बंद करतात. लिफ्ट थांबली की दाराकडे बघतात. परवा पदराने माझं लेबल पुसत म्हणाल्या, “एका वाटीचा भात कुकरमध्ये नीट होत नाही हो.” ते माझ्याशी नव्हतं, त्या अक्षराशी होतं. पण ऐकलं मीच. संध्याकाळी दिलीपने विचारलं, पुण्यात सगळं ठीक ना? आजी म्हणाल्या, मजेत आहे. आणि रविवारचं विमान आणखी एक दिवस जवळ आलं.

मित्रांनो, कुणी काही सांभाळायला दिलं, तर ते उंचावर मांडून मोकळे होऊ नका. त्याला काय सोसत नाही ते विचारा. मानाची जागा फार एकटी असते.

शनिवारी संध्याकाळी आजींची बॅग दाराशी उभी होती. दिलीप तिसऱ्यांदा तिचं वजन करत होता. आजी म्हणाल्या, “ती बाटली काढ.”

अश्लेषाने फोनमध्ये बघितलं. “आजी, ही दोन-तीन वर्षांत प्यायची होती. व्हिनेगर झालं असेल, लाह,” ती सिंगापुरी ढंगात म्हणाली.

“असू दे. काढ.”

शेजारून बूच काढायचा स्क्रू आणला. उभं राहून राहून माझं बूच वाळून ठिसूळ झालं होतं, त्याचा भुगा आत पडला. सुचित्राने मला चहाच्या गाळणीतून चार पेल्यांत ओतलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दिलीप म्हणाला, “छान आहे.” सुचित्रा म्हणाली, वेगळीच चव आहे. अश्लेषानेही नुसती मान डोलावली.

आजींनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“आंबलीय,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलता? मीही फोनवर रोज तेच करते.” मग माझ्या लेबलवरून बोट फिरवत, दिलीपकडे न बघता म्हणाल्या, “दिलीप, मला तिथे एकटीला राहवत नाही.”