पेटत्या भट्टीची धास्ती

मी एक जुनी भट्टी आहे, काच वितळवणारी. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर म्हणाल, हिला कसली आली आहे भीती? हिच्या पोटात असा जाळ आहे, की जवळ गेले तर भुवया करपतील. पण खरे सांगते, मी भित्री आहे. आणि आज तर माझ्या विटाविटांत धडकी भरली आहे, कारण आज माझ्या कारखान्यात सगळे अतिशय आनंदात आहेत.

माणसे आनंदात असली की मला भीती का वाटते, हे समजायला माझी हकिगत ऐकावी लागेल.

मला थोरल्या मालकांनी बांधले. आगीला न भिणाऱ्या विटा त्यांनी दुरून मागवल्या आणि माझा घुमट रचून घेतला. माझ्या पोटात मातीची मोठमोठी भांडी ठेवली. त्यांना मूस म्हणतात. मुशीत वाळू, सोडा, चुना आणि फुटक्या काचेचा चुरा घालायचा आणि जाळ लावायचा. हळूहळू त्या वाळूची मधासारखी दाट, लालबुंद काच होते. मग फुंकणारा कारागीर लांब नळीच्या टोकावर तिचा गोळा उचलतो आणि दुसऱ्या टोकाने फुंकर घालतो.

माझ्यासारख्या भट्टीला सुट्टी नसते. एकदा पेटवली की ती पेटतीच ठेवावी लागते. अचानक विझवली तर मुशीतली काच गोठून दगड होते, मूस तडकते, घुमटाला भेगा जातात. कुणाला अंधाराची भीती वाटते, कुणाला सापाची. मला गार पडण्याची वाटते.

माझे पहिले दिवस कंदिलांच्या काचांचे होते. घरोघरी कंदील होते आणि कंदिलाची काच आज ना उद्या तडकायचीच. त्यामुळे आम्हाला कामाची ददात नव्हती. आमच्या मुख्य कारागिराला सगळे गालफुग्या म्हणत. फुंकून फुंकून त्याचे गाल असे झाले होते, की तो गप्प बसला तरी तोंडात लाडू आहे असे वाटे.

"माझ्या फुंकरीवर गावात उजेड पडतो," तो ऐटीत म्हणायचा.

"आणि घरातली चूल फुंकायला मी," त्याची बायको जेवणाचा डबा ठेवता ठेवता म्हणायची.

आमची गल्ली बघता बघता फुलली. गालफुग्याने घरावर मजला चढवला. समोरच्या शिंप्याने दोन माणसे हाताखाली घेतली. लांबलांबच्या गावांहून कुटुंबे आली आणि गल्लीतच राहिली. एकमेकांची भाषा नीट येत नव्हती, तरी त्यांच्या मुलांची गट्टी झाली. मग थोरल्या मालकांनी माझ्या शेजारी दुसरी भट्टी बांधायला घेतली. मला बहीण मिळणार म्हणून मी हरखून गेले. भीती म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब उभा राहिला. सगळा कारखाना तो बघायला गेला.

"श्रीमंतांचे चोचले हे!" थोरले मालक म्हणाले. "दोन दिवस मिरवतील. तार तुटली की कंदीलच हुडकत येतील."

सगळे हसले. गालफुग्या तर पोट धरून हसला.

तार तुटली नाही. ती घराघरांत शिरली. आमच्या काचांची खोकी आधी कोठारात साठली, मग कोठारात मावेनाशी होऊन अंगणात आली. कोळसा कमी येऊ लागला. चहावाल्याच्या किटलीची फेरी थांबली. माणसे हळू आवाजात बोलू लागली आणि मालक आले की गप्प होऊ लागली. माझ्या बहिणीचा घुमट अर्ध्यावरच राहिला.

एके दुपारी थोरले मालक माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "विझवा."

"मालक, मुशीत काच आहे अजून," गालफुग्या म्हणाला.

"असू दे. कोणासाठी उपसतोस आता? विझवा म्हटलं ना!"

त्यांनी घाईघाईने निखारे ओढून काढले. दारातून गार वारा आत शिरला. आणि मग टण् असा आवाज झाला. ती माझी पहिली भेग. रात्रभर मी तडकत राहिले. माझ्या पोटात काच गोठत होती आणि मला ओरडताही येत नव्हते.

मित्रांनो, गल्लीतही तसेच तडे गेले. काम गेले की माणसे आधी स्वतःला दोष देतात आणि मग शेजाऱ्याला. "हे बाहेरून आले म्हणून आपल्या पोटावर पाय आला," असे कोणीतरी म्हणाले. काल एकाच बाकड्यावर बसून चहा पिणारे लोक एकमेकांकडे बघेनासे झाले. एका कुटुंबाच्या खिडकीवर दगड पडला. सकाळी त्यांच्या दाराला कुलूप होते. वीज आणि त्या कुटुंबाचा काय संबंध, हे कोणी विचारलेही नाही. पुढे गालफुग्याही बायको आणि तान्ही मुलगी घेऊन दुसऱ्या गावी गेला. थोरल्या मालकांनी अंथरूण धरले, ते पुन्हा उठले नाहीत.

मी वर्षानुवर्षे गार पडून राहिले. माझ्या तोंडात मांजरीने पिल्ले घातली. भेगांतून पाणी झिरपले. मधूनच कोणी माणसे फीत घेऊन येत, माझ्या भिंती मोजत आणि "पाडायला सोपी आहे" असे बोलून जात. त्यांच्या पावलांचा आवाज आला की माझ्या भेगांतली माती गळू लागे.

मला वाचवले ते थोरल्या मालकांच्या सुनेने. तिला सगळे वहिनी म्हणत. तेव्हा जागोजागी दवाखाने उघडत होते आणि औषधांना बाटल्या लागत होत्या. वहिनींनी माझा फुटका घुमट उतरवून नवा रचला आणि गालफुग्याचा शोध घेतला. तो आला तेव्हा मी त्याला ओळखलेच नाही. गाल खप्पड झाले होते. त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती, आता तरणीताठी. तिच्या तोंडाला लागायला कोणी धजत नसे. पहिल्याच आठवड्यात तिचे नाव पडले ठिणगी.

पूर्वी कारखान्यात बाया नव्हत्या. पण पुरुष कारागीर पांगले होते, म्हणून वहिनींनी बायांना कामावर घेतले. आधी कुरकुर झाली. मग घराघरांत दोन पगार येऊ लागले आणि कुरकुर थांबली. गल्लीतल्या मुली शाळेत जाऊ लागल्या. वाईट दिवसांनी जे मोडले होते, त्याच्या जागी काही नवेच उगवले.

गालफुग्या आता फुंकत नसे. तो शिकवी, आणि जेवायच्या सुट्टीत एकच गोष्ट सांगे: मी कशी विझले ती.

"बाबा, पुरे की. तेच तेच काय रोज?" ठिणगी वैतागायची.

"तेच तेच होतं म्हणूनच सांगतो," तो म्हणायचा.

तो सांगत होता तोवर वहिनींनी हात आखडता ठेवला. मग त्याला दम लागू लागला आणि तो घरी बसला. गोष्ट सांगणारे कोणी उरले नाही. मागणी तर वाढतच होती. पुढच्याच वर्षी माझ्या शेजारची, बहिणीची अर्धवट राहिलेली पडकी भिंत पाडून नवा पाया खणला गेला. कुदळीचा पहिला घाव पडला, तेव्हा माझा जाळ हेलकावला. ठिणगी म्हणाली, "कोळसा ओला असेल."

नवी भट्टी पेटली आणि थोड्याच दिवसांत एक गृहस्थ कारखान्यात आला. त्याने पिशवीतून एक पांढरी बाटली काढली आणि सगळ्यांसमोर हातातून सोडून दिली. बाया कान झाकून मागे सरल्या. पण बाटली फुटली नाही. ती टप् टप् उड्या मारत माझ्यापर्यंत घरंगळत आली. माझ्या कारखान्यात पहिल्यांदाच काहीतरी पडले होते आणि फुटले नव्हते. सगळे खदाखदा हसले. एकीने तर ती पायाने टोलवली. मी मात्र आतून गार झाले. असेच हसू मी एकदा ऐकले होते.

पुढचे तुम्ही ओळखले असेल. औषधवाल्यांनी प्लास्टिकच्या बाटल्या घ्यायला सुरुवात केली. खोकी कोठारातून अंगणात आली. चहाची किटली थांबली. नवी भट्टी आधी विझली आणि तडकून ढासळली. मग एका सकाळी वहिनी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडले आणि मला वाटले, संपले.

"वहिनी, थांबा," ठिणगी आडवी आली. "विझवू नका. जाळ कमी करू, पण विझवू नका. ती तडकली की परत उभी राहायला अर्धं आयुष्य जातं. माझ्या बापाचं गेलं."

"अगं, काम कुठंय? निम्म्या लोकांना घरी पाठवावंच लागेल."

"मग सगळेच अर्धे दिवस येऊ. अर्ध्या पगारावर."

एक जण मागून म्हणाला, "सगळे कशाला? बाहेरून आलेल्यांना आधी काढा."

ठिणगी त्याच्याकडे वळली. ती ओरडेल असे मला वाटले. पण तिचा आवाज खाली गेला होता. "आम्ही दुसऱ्या गावी गेलो ना, तेव्हा माझ्या बापाला लोक हेच म्हणायचे. तो हसून ऐकून घ्यायचा. मी लहान होते, मला वाटायचं त्याला राग येत नाही. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. बोल, कुणाला काढायचं? तू नाव घे."

कोणालाच काढायचे नाही, सगळ्यांनी अर्धे दिवस यायचे, असे वहिनींनी ठरवले.

मग सुरू झाले माझे सर्वांत भीतीचे दिवस. माझा जाळ रोज थोडा कमी होई. तडकू नये एवढीच ऊब उरली होती. एका थंडीत कोळसेवाल्यानेच धंदा गुंडाळला आणि गाडी आली नाही. मी गार पडू लागले. घुमटात करकर आवाज येऊ लागला. तेव्हा ठिणगीने अंगणातली रिकामी खोकी फोडली आणि माझ्या तोंडात टाकली. खोकी संपली, तेव्हा शिंप्याने मोडके टेबल आणले. चहावाल्याने बाकडी आणली. ज्याने बाहेरच्यांना काढा म्हटले होते, तो आपल्या घरचे जुने दार पाठीवर घेऊन आला. वहिनींनी थोरल्या मालकांची खुर्ची स्वतःच्या हाताने टाकली. कोळशाची दुसरी व्यवस्था होईपर्यंत गल्लीने मला अशी जगवली. मी तडकले नाही. गल्लीही तडकली नाही.

चांगले दिवस परत यायला फार काळ लागला. वहिनी गेल्या. कारखाना त्यांची मुलगी बघू लागली. तिला सगळे ताई म्हणतात. आणि एक दिवस लोकांना प्लास्टिक नकोसे झाले. बरण्या, अत्तराच्या कुप्या, पाण्याच्या बाटल्या, सगळे पुन्हा काचेचे हवे झाले. गल्लीत उंच इमारती आल्या. पुन्हा लांबलांबची माणसे आली.

ठिणगी आता म्हातारी झाली आहे. काल तिचा कामाचा शेवटचा दिवस होता. ताईंनी तिला शाल दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठिणगीने शाल घेतली आणि माझ्या शेजारी बांधून तयार झालेल्या नव्या भट्टीकडे बोट केले.

"ताई, ही दुसरी भट्टी कशाला?"

"मावशी, किती मागणी आहे बघताय ना!"

"अशीच मागणी एकदा माझ्या बापानं पाहिली, एकदा मी. आणि दोघांनी ती ओसरलेलीही."

"तुमचं खरं आहे हो. पण या वेळचं वेगळं आहे," ताई प्रेमाने म्हणाल्या.

"बरं, पेटवा. पण चांगले दिवस आहेत तोवर थोडा कोळसा बाजूला ठेवाल? दुसऱ्या तऱ्हेचं थोडं कामही शोधाल? आणि वेळ आली तर कुणाला एकट्याला बाहेर काढणार नाही, हे आजच ठरवून ठेवाल?"

"बघू हं आपण," ताई म्हणाल्या. मग फोटो काढायची घाई झाली. ठिणगी फाटकातून बाहेर गेली, तेव्हा तिच्याबरोबर कोणी नव्हते.

मित्रांनो, म्हणूनच आज मी भ्याले आहे. इतकी वर्षे जळून मला एवढे कळले आहे: चांगल्या-वाईट दिवसांचे हे चाक एका माणसाच्या आयुष्याएवढे मोठे आहे. ज्याचे हात पोळले तो जागा असतो तोवर माणसे जपून चालतात. तो घरी बसला, की पाया खणायला सुरुवात होते. चाक थांबवणे तुमच्या हाती नसेल. विजेची तार कोण अडवणार? पण चाक खाली येताना कोणाला त्याखाली ढकलायचे आणि कोणी कोणाचा हात धरायचा, हे माणसेच ठरवतात.

तुमच्याही घरात कोणी वाईट दिवस पाहिलेले असेल. काका, आत्या, शेजारच्या मावशी. ती तेच तेच बोलतात म्हणून उठून जाऊ नका. त्यांना विचारा, तेव्हा कोण कोणाच्या दारात गेले आणि कोणी दार लावून घेतले. विचारायला उशीर करू नका.

आज सकाळी नवी भट्टी पेटली. तिच्याभोवती तरुण मुले-मुली जमली आहेत, हात शेकत आहेत, टाळ्या देत आहेत. फाटकाबाहेरची ठिणगीची वाट मला इथून दिसते. तिच्या घराकडे जाताना अजून तरी मला कोणी दिसलेले नाही.