वाराच्या रंगाची साडी

सरलाताई रायपूरच्या बुढापाऱ्यात भर रस्त्यात पालथ्या पडल्या तेव्हा मंगळवार होता, म्हणून साडी लाल होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या साडीपायीच घडलं.

झालं असं, की मधल्या सुट्टीत शाळेचं फाटक उघडं राहिलं आणि गोदू तलावाकडे सुटली. गोदू अकरा वर्षांची. बोलायची मोजकं, पण पाणी दिसलं की तिचे पाय कुणाचं ऐकत नसत. शाळा विशेष मुलांची. तिथं मुलांमागं धावणं हाही शिकवण्याचाच भाग. सरलाताई धावल्या. वीसेक पावलं झकास गेली. मग चप्पल निऱ्यांत अडकली, निऱ्या सुटल्या, पदर एका उभ्या स्कूटरच्या आरशानं धरून ठेवला आणि बाई रस्त्यावर. डाव्या हातातल्या चार बांगड्या फुटल्या. गोदूला अडवलं ते रसवंतीवाल्यानं, तलावाच्या पायऱ्यांपासून दहा हातांवर. पडल्या पडल्या सरलाताई मारुतीला एवढंच म्हणाल्या, "तुझा वार, तुझा रंग, आणि तूच पाय ओढतोस होय रे?"

त्यांचं देवांशी असंच होतं. आवाज चढवायचा नाही, पण सुनावल्याशिवाय सोडायचं नाही.

दुपारी मुख्याध्यापिका शर्मिष्ठा मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. मॅडम बत्तीस वर्षांच्या, नागपुरात शिकून आलेल्या, नव्या राजधानीत नवी शाळा उभी करायला निघालेल्या. शाळेला अजून सरकारी मान्यता मिळायची होती आणि मॅडमची झोप त्या मान्यतेनं नेली होती.

"ताई, गुडघ्याला काय लावलंत?"

"हळद."

"आणि गोदू पाण्यात गेली असती तर काय लावलं असतं?"

मॅडमनी टेबलावरचा कागद त्यांच्याकडे सरकवला. सोमवारपासून सगळ्या शिक्षिकांनी राखाडी सलवार-कुडता घालायचा. ओढणी नाही. गळ्यात-कानात लोंबतं काही नाही. काचेच्या बांगड्या नाहीत, सेफ्टी पिन नाही, पायात पट्ट्याचे बूट.

"हा पदर नाही ताई, ही मुलांच्या हातात दिलेली दोरी आहे. परवा सार्थकनं त्याला नाक पुसलं. गेल्या महिन्यात तोच धरून त्यानं तुम्हाला जिन्यावरून ओढलं. आणि तुम्ही काय म्हणालात? 'लेकरू आहे.'"

"कुडत्याला माझी ना नाही, मॅडम. मंगळसूत्र मी आत घालीन, बूटही घालीन. पण साडी... माझा नवस आहे."

"कसला नवस?"

"राजधानीचा."

मॅडमना हसावं की नाही कळेना, म्हणून त्या पाणी प्यायल्या.

नवस खरा होता. रायपूरकडचं राज्य भोपाळपासून वेगळं होणार अशी बातमी आली तेव्हा सरलाताईंचे यजमान नरेशराव भोपाळच्या सचिवालयात कारकून होते आणि महिन्यातून दोनदा, मळके कपडे घेऊन, रायपूरला येत. कोण भोपाळला राहणार, कोण रायपूरला येणार, याच्या याद्या बनत होत्या. अर्ध्या कचेरीनं भोपाळ सुटू नये म्हणून देव पाण्यात घातले होते. सरलाताईंनी उलटा नवस बोलला. शिवाय एकाच देवाला सांगावं तर बाकीचे रुसतील म्हणून सातही वारांच्या देवांना एकदमच सांगून टाकलं: नरेशराव रायपूरला येऊ देत, मग राजधानी रायपुरात राहील तोवर, त्या त्या वाराच्या रंगाची साडी असल्याशिवाय कुठल्याही शाळेची पायरी चढणार नाही. सोमवार पांढरा, मंगळ लाल, बुध हिरवा, गुरुवार पिवळा, शुक्रवार गुलाबी, शनिवार निळा. रविवारी शाळा नसे, पण केशरी होतीच.

देवांनी ऐकलं. नरेशराव आले आणि जुन्या इस्पितळाच्या इमारतीत नवं मंत्रालय भरलं तिथं फायली लावू लागले. ते म्हणत, "तुझा नवस फेडायचा तर सरकारले राजधानी हलवा लागन. मी अर्ज टाकून पाहू काय?"

आता मान्यतेसाठी मॅडम, मुलांसाठी कुडता आणि सात देवांसाठी साडी. सरलाताईंनी चार दिवस विचार केला आणि सोमवारी जे केलं ते त्यांच्यासारख्या बाईलाच सुचलं असतं. राखाडी कुडता अंगात घातला आणि पांढरी साडी घडी करून पिशवीत ठेवली. "साडी आहेच," त्या महादेवाला म्हणाल्या. "कुठं आहे ते विचारू नका."

महादेव काही बोलला नाही. बोलली गोदू.

गोदूची आई शेवंता तिला रोज दहाला सोडून चार घरच्या कामाला जाई. त्या दिवशी गोदू फाटकापर्यंत आली, सरलाताईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जागच्या जागी बसली.

"चल गोदू. आज सोमवार."

गोदूनं मान हलवली. "आज नइ हे."

"काय नाही?"

"आज नइ हे," गोदू म्हणाली. आज हा दिवसच नाही.

कुणी कितीही ओढलं तरी ती उठली नाही. सरलाताईंनी पिशवीतून पांढरी साडी काढून दाखवली. गोदूनं साडीकडे पाहिलं, कुडत्याकडे पाहिलं, आणि अशी नजर फिरवली की सरलाताईंना पिशवी लपवावीशी वाटली. साडी पिशवीत असेल, तर सोमवारही पिशवीत.

तेव्हा कुठं सरलाताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षं त्या वर्गात भिंतीवरच्या रंगीत तक्त्यावर वार शिकवत होत्या आणि गोदू त्या तक्त्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. ती वार शिकली होती ते त्यांच्या अंगावरून. पांढरी साडी म्हणजे मणी ओवायचे, लाल म्हणजे झोका, पिवळी म्हणजे पोळ्या लाटायच्या. पहिलं वर्षभर जी मुलगी फाटकाबाहेर किंचाळायची, ती रोज आत येत होती ती कशाच्या भरवशावर, हे आत्ता कळत होतं. आणि राखाडी रंगाचा वार कुठल्याच पंचांगात नव्हता.

मंगळवारीही आज नव्हता. बुधवारीही नव्हता. मॅडमनी स्वतः फाटकाशी बसून समजावलं, चित्रं दाखवली, "सवय होईल" म्हणाल्या. गोदूनं त्यांच्या राखाडी गुडघ्यावर थुंकी लावून चित्र काढलं, पण आत आली नाही. शनिवारी शेवंतानं हात जोडले.

"दीदी, मेरी दो कोठी छूट गईं. सोमवार से नइ लाऊँगी. घर में बंद करके जाऊँगी, और क्या करूँ?"

दोन घरची कामं सुटली होती. शेवंता रडली नाही. तिला रडायला वेळ नव्हता. सरलाताई मात्र चौबे कॉलनीपर्यंत डोळे पुसत आल्या आणि घरात शिरताच देवघरासमोर बसल्या.

"मी नवस मोडते," त्या पुटपुटल्या. "नाहीतर नोकरी सोडते. नाहीतर पुन्हा साडी नेसते आणि पुन्हा पडते, आणि त्या वेळी रसवंतीवाला गावाला गेलेला असेल. तुम्हीच सांगा सातजण मिळून, एकमतानं सांगा."

"काहून पुटपुटून राहिली वं?" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. सुशीलाबाई मूळच्या वर्ध्याकडच्या. एका कानानं त्यांना ऐकू येत नसे आणि दुसऱ्या कानानं त्या हवं तेवढंच ऐकत. सरलाताईंनी सगळं सांगितलं.

"मंग साडीचा कुडता शिव ना!"

"आई, मी साडी नेसेन असं बोलले होते."

"नाही." सासूबाईंनी वांग्याचं देठ खुडलं. "तू म्हनली, साडी अंगावर घेईन. नेसीन नाही म्हनली. मी आयकलं ना! मी याच जागी वांगी चिरून राहिली होती."

"खरंच असं म्हणाले मी?"

"मंग मी काय खोटी बोलतो, देवाच्या समोर? अंगावर घेईन, अस्संच म्हनली. आता गुंडाळून घेतली काय, शिवून घेतली काय, अंगावर हाय ना? अन् देवाले काय तुह्या निऱ्या मोजाच्या हायेत काय?"

सरलाताईंनी सासूकडे पाहिलं. साक्षीदार एकच, तोही अर्धा बहिरा. पण गेल्या तीन वर्षांत इतका सोयीचा शब्द कुठल्या देवानं दिला नव्हता. त्यांनी देवघराकडे तोंड केलं. "ऐकलंत ना? आई म्हणतात 'अंगावर घेईन'. काही आक्षेप असेल तर आत्ताच सांगा, शिंप्याचं दुकान आठला बंद होतं."

कुणी काही सांगितलं नाही.

ब्राह्मणपाऱ्यातल्या धर्मपाल शिंप्यानं सहा साड्या पाहून कपाळाला हात लावला. "दीदी, इतनी अच्छी साड़ी पे कैंची? पाप लगेगा!"

"लागलं तर मला लागेल, भैया, तुम्ही कापा. बाही कोपरापर्यंत, लांबी गुडघ्याखाली नाही. गळा बंद, मंगळसूत्र आत राहील असा. बटणं नकोत, मुलं तोडून गिळतात. काठ खाली लावा. आणि दोन खिसे. खोल खिसे."

"लेडीज कुरते में खिसा?"

"रुमाल लागतो, मणी लागतात, कधी कुणाचा पडलेला दात लागतो. खोल करा."

धर्मपालनं पहिली पांढरी साडी जुनी चादर फाडावी तशी कापली. सरलाताईंनी डोळे मिटले. "रोज एक दूँगा, सुबह नौ बजे," तो म्हणाला. "पहले सोमवार वाला."

सोमवारी सकाळी त्या पांढऱ्या कुडत्यात फाटकाशी उभ्या राहिल्या. काठ जरीचा, खिसे पोत्यासारखे, खाली राखाडी सलवार, पायात पट्ट्याचे बूट. सगळा मिळून अवतार असा, की लग्नाला निघालेला पोस्टमन. शेवंता गोदूला शेवटची एकदा घेऊन आली होती. गोदूनं पाहिलं. जवळ आली. काठावरून बोट फिरवलं, ओळखीच्या माणसाच्या दाढीवरून फिरवावं तसं.

"सोम," ती म्हणाली, आणि थेट मण्यांच्या डब्याकडे गेली.

शेवंता कामाला पळाली. मॅडम दारात उभ्या होत्या.

"मी राखाडी म्हटलं होतं, ताई."

"पदर नाही मॅडम. पिन नाही, बांगडी नाही. पळून दाखवू?"

"नको, त्या मंगळवारी दाखवलंत तेवढं पुरे." मॅडमनी वर्गात डोकावून पाहिलं. गोदू मणी ओवत होती. "खात्याचे लोक आले आणि एकच बाई रंगीत का म्हणून विचारलं, तर सांगू पायलट प्रोजेक्ट आहे. या राज्यात सध्या सगळंच पायलट प्रोजेक्ट आहे, कोण विचारतंय!"

मंगळवारी लाल कुडता वेळेवर आला. बुधवारी धर्मपालनं पुडकं हातात दिलं आणि सरलाताईंनी ते शाळेच्या स्वच्छतागृहातच उघडलं. आत पिवळा.

तोच अंगात चढवून त्या तशाच रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याला फोन लावायला गेल्या. "भैया, आज बुधवार! हिरवा पाहिजे होता!"

"वो दीदी, मशीन में पीला धागा चढ़ा हुआ था, तो सोचा पहले पीला निकाल दूँ. हरा कल ले लेना. एक दिन में क्या फरक पड़ता है?"

फाटकाशी गोदू उभी होती. तिनं पिवळ्या कुडत्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"बिरस्पत!"

"नाही ग गोदू, गुरुवार नाही, आज बुध. बुध. कपडा चुकला."

"बिरस्पत," गोदूनं त्यांना धीर दिला आणि लाटणं शोधायला गेली.

सरलाताईंनी क्षणभर विचार केला. तिला पुन्हा खाली बसवायचं? "आज नइ हे" पुन्हा ऐकायचं? त्यांनी वर्गाला सांगितलं, "चला, पोळ्या." बुधवारी मातीकामाला येणाऱ्या बाईंना परत पाठवलं. दुपारी सगळ्यांनी डबे उघडले तेव्हा त्यांनी आपली भाजी-पोळी सार्थकला दिली, कारण गुरुवारचा त्यांचा दत्ताचा उपास असे.

"ताई, आज बुधवार आहे," मॅडम हळूच म्हणाल्या.

"तुमच्याकडे असेल. माझ्या वर्गात गुरुवार आहे."

संध्याकाळी पोटात कावळे ओरडत असताना त्या देवघरासमोर बसल्या. बुधवार गणपतीचा. "हे बघ," त्या नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "तुझा वार आज शाळेत झालाच नाही. माझा काही दोष नाही, धाग्याचा आहे. तुला काही म्हणायचं असेल तर गोदूला म्हण. दहा ते चार बुढापाऱ्यात असते."

"काय म्हनते वं तो?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही म्हणत."

"मंग झालं. त्याले पटलं."

गुरुवारी सकाळी नऊला हिरवा कुडता हजर झाला. सरलाताईंनी तो पिशवीत टाकला आणि कालचाच धुतलेला पिवळा घातला. फाटकाशी गोदू थबकली. तिनं पिवळ्याकडे पुन्हा पाहिलं.

मग गोदूनं दोन बोटं वर केली. "दू बिरस्पत," ती म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या शाळेच्या देखत, हसली. जगानं केलेला हा विनोद तिला फारच आवडला होता.

"हव, दू बिरस्पत," सरलाताई म्हणाल्या.

पदर धरायची सवय होती, तो नव्हता. म्हणून गोदूनं हात सरळ त्यांच्या खिशात घातला. खिसा खोल होता. कोपरापर्यंत चाचपून तिनं आतून शेंगदाण्याचा लाडू काढला, उपासाचा, दिवसभराचा एकुलता एक, आणि वर्गात पोचेपर्यंत खाऊन टाकला.

तो गुरुवारचा उपास सरलाताईंना फार कडक घडला.