कोटांखालची चौथी ओळ

आधी हात पुसा, मग लावा. चिकट बोटांचे डाग पितळेवर आठवडाभर राहतात. हां, आता ठीक. मी पाटी बोलतेय. नेब्रास्कातल्या एका कॉलेजगावात, विटांच्या तीन मजली घरात, दिवाणखान्याच्या दाराशेजारी मी सत्त्याण्णव वर्षं भिंतीवर होते. घर मुलांच्या एका बंधुसंघाचं. फ्रॅटर्निटी म्हणतात त्याला. संघाची तीन ग्रीक अक्षरं दारावर होती, ती मात्र मी सांगणार नाही. गुपित ठेवायची सवय जाता जात नाही. याच सवयीपायी एकदा एका मुलाचा जीव जायची वेळ आली होती, आणि तेच मला सांगायचंय.

माझा जन्म नदीकाठच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. सहा विद्यार्थी कागदावर चार ओळी लिहून घेऊन आले होते. खरं बोलावं. विद्या मिळवावी. सेवा करावी. भावाला एकटं सोडू नये. म्हाताऱ्या ओताऱ्यानं कागद दोनदा वाचला.

"पहिल्या तीन ठीक आहेत, पोरांनो. चौथी जरा लहान करता येते का बघा."

"का? मावत नाही?"

"मावते की. निभावायला जड जाईल म्हणून म्हटलं."

पोरं हसली. वीस-एकवीस वर्षांचं कोण ऐकतंय? चारही ओळी ओतल्या गेल्या आणि मी भिंतीवर चढले.

मग हळूहळू रीत पडली. परीक्षेला जाताना, सामन्याला जाताना, मुलगी बघून तिच्याशी बोलायला जातानासुद्धा, प्रत्येकानं मला हात लावायचा. उंच पोरांचा हात वरच जातो. त्यामुळे माझी पहिली ओळ घासून घासून लखलखीत झाली. चौथीच्या नशिबी ते नव्हतं. एकोणीसशे पन्नासच्या आसपास कुणा शहाण्यानं माझ्या अंगावर, चौथ्या ओळीच्या जरा वर, कोट अडकवायच्या खुंट्या ठोकल्या. आमच्याकडे हिवाळा काय चार दिवसांचा असतो? ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत चौथ्या ओळीवर ओले, लोकरीचे, घामट कोट. बिचारी हिरवी पडली.

लोक विचारतात, ही पोरं लिहिल्याप्रमाणे वागतात का हो? काय सांगू? ज्या वर्षी धाकट्या पिंटरचे वडील वारले, त्या वर्षी एकतीस जण बर्फातून सहा तास गाडी हाकत त्याच्या गावी गेले आणि कबरीपाशी त्याच्या मागे उभे राहिले. हे मी ऐकलंय, परत आल्यावर त्यांचे बूट माझ्याखालीच सुकत होते. आणि त्याच घरात एका सप्टेंबरात एक काळा मुलगा नाव नोंदवायला आला, तेव्हा त्याला गोड हसून 'जागा भरल्या' म्हणून सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी चार नवे घेतले. मी तिथेच होते, 'खरं बोलावं' छातीवर मिरवत. लाजून वितळावंसं वाटलं, पण पितळ इतक्या सहज वितळत नाही.

टॉबिन लिंडक्विस्ट आला तो ऑगस्टात. अठरा वर्षांचा, शेतावरचा, शाळेच्या वर्गात सगळी मिळून अकरा मुलं असलेल्या गावचा. कॉलेजात आल्यावर पहिले तीन आठवडे तो खोलीतच एकटा जेवला. हे त्यानं वेसला सांगितलं, माझ्यासमोर. वेस पोकॉर्नी दुसऱ्या वर्षाचा. आमच्याकडे प्रत्येक नव्या उमेदवाराला एक मोठा भाऊ नेमून देतात, टॉबिनचा मोठा भाऊ वेस.

"आता एकटं जेवायचं नाही," वेस म्हणाला. "सोमवारी तर नाहीच. सोमवारी मिस लोरीनची चिली असते, आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल."

"चिलीत बुडवून?"

"मग काय कोरडा खाणार? कुठल्या गावचा रे तू?"

लोरीन कुचेरा आमची स्वयंपाकीण, साठीची, सोमवार ते शुक्रवार येणारी. चिली म्हणजे तिचं खिमा-राजम्याचं तिखट कालवण. पोरं तिला घाबरायची आणि तिच्याच मागे मागे फिरायची. टॉबिन पंधरा दिवसांत तिच्या मागे फिरायला लागला. त्याला या घरात घेतलं जावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी तो काहीही करायला तयार होता, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

उमेदवारांना तयार करायचं काम ब्रँट ऑस्टरमायरकडे होतं. तिसऱ्या वर्षाचा, नीटनेटका, नियमांचा पक्का. वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याची खोली घरात सगळ्यांत स्वच्छ असायची. संघाच्या मुख्य कचेरीनं उमेदवारांना दारू पाजायला बंदी केली होती, म्हणून यानं डोकं चालवलं आणि पाण्याचे जग आणले.

"सहा संस्थापकांची नावं, गावं आणि चार ओळी. चुकलात की एक जग," तो म्हणाला. "पाणी आहे पाणी. कुणाच्या बापाला बोट दाखवता येणार नाही."

नोव्हेंबरातला रविवार, दुपारचे दोन. पाच उमेदवार माझ्याकडे पाठ करून उभे केले, बघून म्हणता येऊ नये म्हणून. टॉबिन चौथ्या संस्थापकाच्या गावावर अडकला. "बर्वेल," तो म्हणाला. ब्रँट म्हणाला, "ऑर्ड. चल, पी." पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच गडबड. अहो, त्या संस्थापकाला मी ओळखत होते. तो जन्मला होता बैलगाडीत, रस्त्यात. त्याला कुणी गाव विचारलं की तोच एकदा ऑर्ड सांगायचा, एकदा बर्वेल. पण पाटीला विचारतो कोण?

बाकीची पोरं एक-दोन जगांवर सुटली. टॉबिनला सहा झाले. सहाव्यालाही तो "पितो ना, संपवतो ना" म्हणत होता. मग त्याला डोकं दुखायला लागलं, मग तो ओकला, मग धड उभा राहता येईना.

"नेहमीसारखं करा," ब्रँट म्हणाला. "दप्तर बांधा."

ही आमच्या घरची जुनी युक्ती. दारू जास्त झालेल्याच्या पाठीवर पुस्तकांनी भरलेलं दप्तर बांधायचं. म्हणजे तो झोपेत उताणा होत नाही आणि उलटी घशात अडकत नाही. दारूसाठी काढलेली युक्ती यांनी पाण्याला लावली. टॉबिनला दिवाणखान्यातल्या कोचावर कुशीवर निजवलं, आपण भावाची काळजी घेतली म्हणून समाधान मानलं, आणि टीव्हीवर फुटबॉलचा सामना लावला.

वेस वाचनालयातून चारला आला. त्यानं दप्तर पाहिलं आणि आधी हसला. मग वाकून वास घेतला. दारूचा वास नव्हता.

"काय प्यायलाय हा?"

"पाणी. सहा जग. फक्त पाणी," ब्रँट म्हणाला. "झोपू दे, उतरेल."

"पाणी उतरतं कसं?"

वेस गुडघ्यावर बसला. "टॉबिन. ए टॉबिन. चौथी ओळ म्हण बघू." टॉबिनला ती झोपेत विचारली तरी यायची. त्यानं डोळे अर्धे उघडले आणि म्हणाला, "आई, गाडीचे दिवे चालू राहिलेत." मग त्याचा हात ताठ झाला आणि झटके द्यायला लागला.

वेस माझ्याकडे धावला. त्याचा फोन कोटात होता आणि कोट माझ्या खुंटीवर. त्यानं कोट असा ओढला की बाजूचे दोनही खाली पडले, आणि महिनाभरानंतर चौथ्या ओळीवर उजेड आला. त्यानं ती वाचली असं मी म्हणणार नाही. तो फोन शोधत होता.

ब्रँटनं त्याचं मनगट धरलं. "थांब. डोकं लाव. गाडी आली की पोलीस येणार, पोलीस आले की घर बंद. छप्पन्न जण राहतात इथे. त्यांना भाऊ म्हणतोस ना? त्यांना वाऱ्यावर सोडणार? घरातलं घरात राहतं, शपथ घेतलीयस तू."

सत्त्याण्णव वर्षांत माझीच ओळ माझ्यासमोर अशी उलटी फिरवलेली मी पहिल्यांदा ऐकली. आणि खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, हा ऐकणार. शपथ तीही होती.

वेस म्हणाला, "छप्पन्न जण उभे आहेत, ब्रँट. पडलाय तो एकटा." आणि त्यानं फोन लावला.

रुग्णवाहिका आली. तिच्यातून उतरलेली बाई चांगलीच अनुभवी होती, घर बघूनच तिनं दारू गृहीत धरली. "किती बिअर?" तिनं विचारलं. मागे कुणीतरी पुटपुटलं, "सामना बघताना थोडी..." तेवढं खोटं पुरे झालं असतं. त्या खोट्यावर दवाखान्यात त्याला दारुड्यासारखं निजवलं असतं आणि भलताच उपचार झाला असता.

"बिअर नाही," वेस म्हणाला. "पाणी. सहा जग, तास-दीड तासात. आम्ही पाजलं."

बाई थांबली. "सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली आणि लगेच फोनवर जास्त पाणी, रक्तातलं मीठ उतरलंय, मेंदूला सूज असं काहीबाही भराभर बोलत टॉबिनला घेऊन बाहेर गेली. वेसही मागोमाग गेला.

सामना आपला चालूच होता, बंद करायचं कुणाला सुचलं नाही. ब्रँट जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. अंधार पडेपर्यंत तो तिथून हलला नाही.

सोमवारी लोरीन आली, तिला कळलं, आणि तिनं चिली केली नाही. कोट न काढता ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "तुझ्यावर लिहिलंय एवढं, काही उपयोग नाही." खरंच होतं.

मंगळवारी सकाळी दार उघडलं. वेस. दोन दिवस तेच कपडे. घरातली सगळी पोरं जिन्यावर येऊन उभी राहिली आणि लोरीन हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून आली.

"शुद्धीवर आला," वेस म्हणाला. "विचारतोय, सोमवार गेला का? म्हणे चिली चुकली."

लोरीन खालच्या पायरीवर बसली आणि पळीसकट रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मंगळवारी करते म्हणावं त्याला. बुधवारीपण करते." माझा जीव भांड्यात पडला. काय हलकं वाटलं म्हणून सांगू. ते सुख मला कुठल्याही सणाच्या घासण्यापुसण्यात मिळालं नव्हतं.

पुढचं ब्रँटच्या म्हणण्याप्रमाणेच झालं. पोलीस आले, कॉलेजानं चार वर्षांसाठी संघ बंद केला, घराला टाळं लागलं. काही जण वेसला फितूर म्हणाले, जुन्या सभासदांची रागाची पत्रं आली. ब्रँटला कॉलेजातून वर्षभर काढलं, आणि कोर्टानं दोनशे तास समाजसेवा सांगितली. तिसरी ओळ त्यानं अशी पाळली.

मला भिंतीवरून काढायलाही तोच होता. त्यानं खुंट्या उपटल्या, चौथी ओळ बघितली, बाहीनं घासली. हिरवं जाईना. मला तो नीट कांबळ्यात गुंडाळून लोरीनकडे देऊन गेला आणि ती मला घेऊन सरळ वेस-टॉबिनच्या भाड्याच्या घरी आली.

आता मी तिथेच असते. पाच जण राहतात, दारावर कुठलीही अक्षरं नाहीत. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला मला टांगलंय. मला कुणी पाठ करत नाही. टॉबिन ठीक आहे. पहिले काही महिने नावं विसरायचा, आता तेही गेलं. सोमवारी लोरीन जेवायला येते आणि या पोरांच्या चिलीला नावं ठेवते.

गेल्या फेब्रुवारीत, असाच सोमवार, भर दुपारी दार वाजलं. ब्रँट. बारीक झालेला. काकाच्या धान्याच्या कोठारात काम करतो म्हणाला. दाराशीच उभा राहून टॉबिनला म्हणाला, "मी माफी मागायला आलोय. आत येत नाही." बाकीचे जेवता जेवता थांबले. वेसनं मान वर केली नाही.

"थंडी आत येतेय," टॉबिन म्हणाला. "दार लाव. आतून."

ब्रँट आला, खुर्चीच्या कडेला टेकला. लोरीननं न विचारता त्याच्यापुढे वाडगा ठेवला, वर रोल. दोन घास खाल्ले आणि त्याला ठसका लागला. चिली तिखट झाली होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, बोलता येईना. शेवटी कसंबसं म्हणाला, "पाणी... पाणी देता का जरा?"

सगळे टॉबिनकडे बघायला लागले. ब्रँटला आपण काय मागितलं ते कळलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

टॉबिन उठला. नळाखाली पेला भरला, त्याच्यापुढे ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.

"सावकाश पी," तो म्हणाला. "आणि एकच मिळेल."

पहिल्यांदा हसला वेस. मग सगळेच. ब्रँट हसत होता की रडत होता ते मला इथून नीट दिसलं नाही, टॉबिनचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि मध्ये येत होता.

माझं एवढंच मागणं आहे: मला पाठ करू नका आणि दुसऱ्याकडून करून घेऊ नका. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी इथे कुणी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि तरी चौथी ओळ पाळली गेली. इतक्या वर्षांत मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.